उद्रेकापूर्वीचे एक मिनिट

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जणांनी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. विशेष गरजा असणाऱ्या आपल्या मुलांसाठी महोत्सवी निधीतून मनगटी संवेदक-पट्टे घ्यावेत. मूल अनावर होऊन स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्यापूर्वीच पट्टा शिक्षकाला सावध करील, अशी कल्पना आहे. त्यामागचा जिव्हाळा मला स्पर्शून गेला. तरीही आज या विषयावर बोलणे मला भाग आहे, कारण एका मुलाचे देणे माझ्याकडे राहिले आहे.

मी पाचवीची वर्गशिक्षिका असतानाची गोष्ट. वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. बोलणे अगदी मोजके. मधल्या सुट्टीनंतर तो एकाएकी शेजाऱ्याला चावे किंवा भिंतीवर डोके आपटून घेई. 'काहीही कारण नसताना' हे शब्द मी नोंदवहीत माझ्या हाताने लिहिले आहेत. एकदा व्हरांडा झाडणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "बहिनजी, ओकर कान लाल होवत हे." त्याचे कान लाल होताहेत, एवढेच. मी त्यांना आपले काम करायला सांगितले आणि फळ्याकडे वळले. दोन-तीन मिनिटांत वर्गात आकांत झाला. वर्ष संपण्यापूर्वी त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही दाखला त्यांच्या हाती दिला. ते भांडले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि मुलाचा हात धरून निघून गेले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यापुढे आमची ती कृती आज टिकली नसती.

मावशींना जे दिसले, तेच टिपण्याचा प्रयत्न हे पट्टे करतात. मन अस्वस्थ झाले की नाडी जलद होते आणि तळहाताला, मनगटाला सूक्ष्म घाम सुटून त्वचेची विद्युत्‌वाहकता वाढते. पट्टा हे मोजतो. शिवाय त्वचेचे तापमान आणि हाताची हालचालही नोंदवतो. अमेरिकेत बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील मॅथ्यू गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या वीस स्वमग्न मुलांच्या अशा नोंदी अभ्यासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आक्रमक उद्रेकाची चाहूल एक मिनिट आधी लागू शकते, असे त्यांना दिसले. पुढे २०२३ मध्ये सत्तर मुलांच्या अभ्यासात हा अवधी तीन मिनिटांवर गेला. अचूकतेविषयी साध्या भाषेत सांगायचे, तर उद्रेकापूर्वीचा एक क्षण आणि शांततेतला एक क्षण असे दोन समोर ठेवले, की सुमारे दहापैकी आठ वेळा संगणकाने पहिला बरोबर ओळखला. जे मूल बोलून सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत हे थोडे नव्हे. उरलेल्या दोन वेळांचाही मात्र विचार करावा लागतो.

आणखी एक प्रसंग सांगते. याच विद्येच्या प्रवर्तक, एमआयटीच्या रोझालिंड पिकार्ड यांचा एक विद्यार्थी सुट्टीत असे पट्टे घरी घेऊन गेला आणि आपल्या न बोलणाऱ्या स्वमग्न भावाच्या दोन्ही मनगटांना त्याने ते बांधले. नोंदी पाहताना एका बाजूची रेषा एकदम उसळलेली आणि दुसऱ्या बाजूची स्थिर दिसली. पिकार्डबाईंना वाटले, यंत्र बिघडले. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यानंतर थोड्याच वेळात त्या मुलाला अपस्माराचा झटका आला होता. आत काहीतरी चालले आहे, एवढेच पट्टा सांगतो. ते काय, हे माणसाने शोधायचे. दात दुखत असेल, पंख्याची घरघर असह्य होत असेल, उद्या परीक्षा असेल. 'आव्हानात्मक वर्तन' हा शब्द आपण सहज वापरतो. ते आव्हान आधी त्या मुलापुढे उभे असते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आता आपल्या रायपूरचे पाहू. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा घाम भीतीचा की उन्हाचा हे पट्ट्याने कसे ओळखावे? अनेक स्वमग्न मुलांना कातडीला लागलेला सदऱ्याचा टाकासुद्धा सोसवत नाही. त्यांच्या मनगटावर दिवसभर पट्टा बांधायचा? बाजारात मिळणारे घड्याळ नाडी मोजते, उद्रेकाचे भाकीत करीत नाही. आणि त्या मुलाच्या मनाची ही खतावणी कोणी पाहायची? तांबडा दिवा लागला की मुलाला वर्गाबाहेर काढायचे, अशी रीत पडली, तर आम्ही दिलेल्या दाखल्यात आणि तिच्यात अंतर फार उरणार नाही.

मुळात प्रश्न त्या एका मिनिटाचा आहे. मावशींनी मला ते दिले होते. पण मुलाला न्यायला शांत जागा नव्हती, काय करावे याचे शिक्षण मला नव्हते, आणि खरे सांगायचे तर झाडलोट करणाऱ्या बाईंचे ऐकावे हा विनयही माझ्यापाशी नव्हता. आज पट्टा वाजला, तरी आपल्या शाळेत पहिल्या दोन गोष्टी अजूनही नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. निधीतून आधी एक विशेष शिक्षक नेमावा. राजनांदगावला केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. आपल्या शिक्षकांच्या तुकड्या तेथे मार्गदर्शनासाठी पाठवण्यासाठी आपण बोलणी करू. शाळेतल्या मावशींनाही त्या तुकडीत घ्यावे, असा माझा आग्रह राहील. मुलाला काय झाले यापेक्षा त्याआधी काय घडले, हे लिहिण्यासाठी प्रत्येक वर्गात एक वही ठेवू. एवढे झाल्यावर कोणा पालकांची इच्छा असेल आणि मुलाला तो सोसत असेल, तर पट्ट्याचे अवश्य पाहू. तंत्रज्ञानाशी माझे वैर नाही.

आणि एक खोली हवी. जुन्या इमारतीत तळमजल्यावर, कडुनिंबाच्या बाजूला, भांडाराची खोली आहे. घंटेचा आवाज तेथे जवळजवळ पोचत नाही. मी स्वतः उभी राहून पाहिले आहे. सध्या आत मोडकी बाके आहेत. किल्ली कार्यालयात आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना वेळ असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावे, मी खोली दाखवते.