गावाच्या मालकीचा तेलघाणा
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, सरकारी नोकरीत पंप आणि मोटारी सांभाळणारा माणूस. मंडळाने "काहीतरी वारशावर बोला" म्हटले तेव्हा देवळे-किल्ले मला जमणार नाहीत, यंत्रावर बोलतो, असे सांगितले. यंत्र दूरचे आहे. मी तिथे गेलेलो नाही. वाचून आणि चित्रे पाहून बोलतो आहे.

ग्रीसच्या पूर्व टोकाला, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ लेस्वॉस नावाचे बेट आहे. आपल्याकडे माड, तशी तिथे ऑलिव्हची झाडे. त्या बेटावर आया पारास्केवी नावाचे एक गाव आहे आणि गावात तेल काढायची जुनी गिरणी. १९१०च्या आसपास, म्हणजे बेट अजून तुर्की सुलतानाच्या अमलाखाली असताना, ती उभी राहिली. आज ती संग्रहालय आहे. पिरेयस बँकेच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानाने दुरुस्त करून २००६ साली ती लोकांसाठी उघडली.

आता घाण्याचे गणित पाहू. आपले खोबरे वाळवलेले असते. आज नाही तर आठ दिवसांनी घाण्यावर नेले तरी चालते. ऑलिव्ह हे ओले फळ. तोडून ढीग घातला की ढीग आतून तापतो, आंबतो आणि तेल बिघडते. म्हणून गिरणी जवळ हवी आणि नंबर लवकर लागायला हवा. या गिरणीच्या आवारात शेतकऱ्यांचा माल वेगवेगळा ठेवण्यासाठी लहान लहान खोल्या आहेत. ज्याचे फळ त्याचे तेल, सरमिसळ नाही.

फळ आधी दगडी चाकांखाली बियांसकट भरडायचे. तो लगदा विणलेल्या पिशव्यांत भरून, त्यांची चळत प्रेसखाली ठेवून दाबायची. वरून गरम पाणी सोडायचे. खाली पाणी आणि तेल एकत्र उतरते. तेल हलके, ते वर तरंगते, ते काढून घ्यायचे. साधारण पाच किलो फळांमागे एक किलो तेल. हे सगळे वाफेच्या इंजिनावर चाले. आणि बॉयलरला जळण काय? तेल काढून उरलेला बियांचा चोथाच. आपण घाण्याच्या बैलाला पेंड घालायचो, त्यांनी बॉयलरला घातली! माझ्यासारख्याला ही जुळणी पाहूनच आनंद होतो.

पण मी ही गिरणी निवडली ती यंत्रासाठी नव्हे. तशी यंत्रे त्या बेटावर पुष्कळ होती, पण ती खाजगी मालकांची. ज्याच्याकडे गिरणी, त्याच्या हातात शेतकरी. फळ नासायला लागले की माणूस घासाघीस करत बसत नाही, मालक म्हणेल ती मजुरी कबूल करतो. या गावाने गिरणीच गावाच्या मालकीची बांधली. उरलेल्या उत्पन्नातून शाळा आणि गावाची इतर कामे झाली. संग्रहालयात ही हकीकतही यंत्रांइतक्याच मानाने मांडली आहे.

गोव्यात हे ऐकून नवल वाटू नये. आपली गावकरी, पोर्तुगीज अमदानीतली कोमुनिदाद, हीसुद्धा सामाईक मालकीच. जमीन गावाची, बांध-मानशींची देखभाल गावाची. फरक एवढाच की आपल्याकडे शिलकीतून गावकाराला जोण मिळे, आणि गावकार नसलेल्या कुळाला त्यात वाटा नसे. शिल्लक कुठे गेली, हे प्रत्येक जुन्या संस्थेबद्दल विचारावे. मंडळाबद्दलही विचारा, खजिनदार समोरच बसले आहेत.

आता आपले घाणे पाहा. लाकडी घाणा आज कुठे दिसतो? हॉटेलच्या दारात, वार्निश मारून, वर कुंडी ठेवलेली. पर्यटक फोटो काढतात. तो कुठल्या गावचा, कोण चालवत होते, खोबरे कोण आणीत होते, मजुरी तेलात की पैशात, याची एक ओळ तिथे नसते. मी त्या हॉटेलवाल्यांना दोष देत नाही; त्यांनी घेतला नसता तर तो चुलीत गेला असता. पण त्याला वारसा म्हणायला माझी जीभ वळत नाही. लेस्वॉसमध्ये इमारत, यंत्र आणि गावाची हकीकत एकाच जागी राहिली. आपल्याकडे लाकूड एकीकडे गेले आणि हकीकत म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात राहिली. ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

एवढ्या मोठ्या बँकेचे पैसे आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण वही आणि मोबाईल आहे. चवथ आटोपल्यावर दर रविवारी मी आणि मंडळातले दोन तरुण अशा घरी जाणार आहोत. मी घाण्याची मापे घेऊन ड्रॉइंग काढीन, ते बोलणे रेकॉर्ड करतील. तुमच्या माहितीत घाणा चालवलेले कोणी असतील, किंवा घरी हिशेबाची जुनी वही असेल, तर निघताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि वाडा लिहून जा.