भूगर्भातील ठेव आणि नगराचा जमाखर्च



१९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्याच्या सोयीसाठी टिळकवाडीत एक विहीर खोदण्यात आली. ‘पंपा सरोवर’ हे तिचे तेव्हाचे नाव. पुढे ती ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कालांतराने राकसकोप व हिडकल येथील पाणी नळाने घरोघर आले आणि नगराच्या कितीतरी विहिरी विस्मृतीत गेल्या. १९९५ च्या टंचाईत नगराला त्यांची पुन्हा आठवण झाली. गाळ उपसताच पाणी लागले. माणसे विसरली, तरी भूमीने ठेव राखली होती.

परंतु ही ठेव अक्षय नव्हे. येथील भूमी जांभ्याची आणि काळ्या कातळाची. उथळ विहिरीतील पाणी पावसाळ्यात भरून येते. कातळाच्या खोल भेगांत ते अत्यंत मंद गतीने उतरते. कूपनलिका नेमके तेच खोलवरचे पाणी उपसते. वस्ती वाढते तसा उपसाही वाढतो; त्यातच अंगणे फरसबंद झाल्याने पाणी मुरण्याची वाट बुजते.

शंभर चौरस मीटरच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी जमते. त्यातील काही अंश गाळून विहिरीत सोडणे प्रत्येक गृहस्थाला शक्य आहे. ग्रंथालयातून नेलेला ग्रंथ परत केला, तरच तो पुढील वाचकास लाभतो. भूजलाचा नियम याहून वेगळा नाही.