रंग द्यावा तो कामाला



कॅलिफोर्नियातल्या ला पाल्मा इथल्या केनेडी हायस्कूलने 2011 साली विद्यार्थ्यांची ओळखपत्रे तीन रंगांत दिली. राज्याच्या परीक्षेत सरस ठरलेल्यांना काळे, त्यांच्या खालच्यांना सोनेरी आणि मागे राहिलेल्यांना पांढरे. वरच्या रंगांना सवलती होत्या. पांढऱ्या कार्डाच्या मुलांना मधल्या सुट्टीत जेवणाची रांगही वेगळी होती. हेतू प्रोत्साहनाचाच होता. पण मुलाचे गुण आता जेवणाच्या रांगेतही सगळ्यांना दिसू लागले. तक्रारी झाल्या, प्रकरण गाजले आणि शाळेला हे रंग मागे घ्यावे लागले.

अंगावर चिकटलेला रंग मुलाच्या शिकण्यावर काय परिणाम करतो, हे आयोवा राज्यातल्या जेन एलियट या शिक्षिकेच्या वर्गात फार पूर्वीच दिसले होते. 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांनी तिसरीचा वर्ग डोळ्यांच्या रंगावरून विभागला. भेदभाव म्हणजे काय, हे मुलांना अनुभवातून कळावे, यासाठी हा पाठ होता. 1970 मध्ये तो पुन्हा घेतला गेला आणि चित्रित झाला. ज्या दिवशी तपकिरी डोळ्यांची मुले कमी प्रतीची ठरली आणि त्यांच्या गळ्यात कॉलर आली, त्या दिवशी वाचनाच्या कार्डांचा गठ्ठा संपवायला त्यांना साडेपाच मिनिटे लागली. कॉलर उतरली तेव्हा तसाच गठ्ठा अडीच मिनिटांत संपला. मुले तीच होती.

मग वर्गातून रंग हद्दपारच करायचे का?

अजिबात नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक, डिलन विल्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांसोबत केलेल्या कामात लाल, पिवळा, हिरवा हेच तीन रंग मुलांच्या हाती दिले. आपण केलेल्या कामावर मूल स्वतःच खूण करते. कळले असेल तर हिरवी, अर्धवट कळले असेल तर पिवळी, कळलेच नसेल तर लाल. मग हिरव्या खुणेची मुले पिवळ्यांना समजावून सांगतात आणि बाई किंवा गुरुजी लाल खुणेच्या मुलांजवळ बसतात. इथे लाल रंग म्हणजे मदतीची मागणी आहे. ती मागताना मुलाला लाज वाटत नाही, कारण पुढच्याच धड्यात त्याची खूण हिरवी असू शकते.

वाचनातही हेच सूत्र जुने आहे. डॉन पार्कर यांचा एसआरए वाचनसंच 1957 साली अमेरिकेत बाजारात आला. एका पेटीत काठिण्यानुसार वेगवेगळ्या रंगांची कार्डे. मूल आपल्या रंगाचे कार्ड उचलते, वाचते, प्रश्न सोडवते, उत्तरे स्वतः तपासते आणि स्वतःचा आलेख भरते. एका वर्गातली सगळी मुले एकाच पानावर नसतात, हे या पेटीने मान्य केले होते.

आपल्या देशात या विचाराला सर्वांत मोठे मैदान मिळाले ते तमिळनाडूत. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत रुजलेली शिडीची पद्धत सनदी अधिकारी एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने 2003 पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आली आणि पुढे राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली. भिंतीवर शिकण्याची शिडी, ट्रेमध्ये कार्डे, कार्डांवर चित्रचिन्हे, मुलांच्या हाताला पोहोचतील असे खालचे फळे. आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि पुढचे कार्ड कोणते, हे पहिलीचे मूलही शोधू शकते. आजारपणामुळे आठवडाभर गैरहजर राहिलेली मुलगी परत आली, की जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघते.

महाराष्ट्रातही जमीन तयार आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 पासून आपल्या शाळांत आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी पातळ्या नोंदवल्या जातातच. प्रश्न आहे तो या नोंदींना दिलेला रंग नक्की कोणासाठी, हा. केंद्रप्रमुखांच्या तक्त्यात लाल चौकोन दिसू नये म्हणून तो घाईने हिरवा होत असेल, तर त्या चौकोनामागचे मूल जिथल्या तिथेच राहते. तक्त्यातल्या लालबद्दल शिक्षकाला जाब विचारण्याची सवय अधिकाऱ्यांनी सोडली पाहिजे. तिथे जास्तीचा वेळ, साहित्य आणि माणूस कधी पोहोचणार, एवढेच विचारले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे 8 टक्के आहे. भारतात ते कमी असले, तरी मोठ्या शाळेत अशी मुले असतातच, आणि बहुतेकदा ते कोणाला ठाऊकही नसते. म्हणून प्रत्येक रंगासोबत एखादे चिन्ह किंवा अंक हवाच.

या परिषदेतून परत गेल्यावर प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाच्या भिंतीकडे एकदा नीट पाहावे, ही विनंती. मुलांच्या नावांपुढे रंग लावलेला तक्ता असेल, तर तो आजच उतरवावा. ती रंगीत खूण मुलांच्या वहीत द्यावी, ती बदलण्याचा हक्क मुलांना द्यावा आणि लाल खूण दिसेल तिथे सर्वांत आधी जाऊन बसावे.