संघ कोणाचा?

अमेरिकेंतील बेसबॉल हा खेळ आपल्या इकडील क्रिकेटचा दूरचा भाऊबंद आहे. दोहोंत फळी आहे, चेंडू आहे, धावा आहेत. आणि दोहोंचे शौकीन आंकड्यांवर सारखाच जीव टाकतात. परंतु क्रिकेटच्या शौकिनास नवल वाटावें अशी एक गोष्ट त्या खेळाच्या इतिहासांत आहे. तेथें एखादा धंदेवाईक संघ आपलें नांव, आपले खेळाडू आणि आपली कीर्ति यांसह एका शहरांतून उठतो आणि हजारों मैलांवरील दुसऱ्या शहरीं बिऱ्हाड करतो. मुंबईचा संघ एका हिवाळ्यांत उठून कलकत्त्यास गेला आणि पुढील मोसमापासून कलकत्त्याचा म्हणून खेळूं लागला, तर मुंबईकरांस काय वाटेल याची श्रोत्यांनीं क्षणभर कल्पना करावी. असा संघ कोणाचा म्हणावयाचा? ज्यानें तो पैसे देऊन विकत घेतला त्या मालकाचा, कीं ज्यानें वर्षानुवर्षें त्याच्या पराजयापायीं आपली झोंप घालविली त्या गांवाचा?

या प्रश्नाचें मर्म कळण्यास प्रथम तेथील स्पर्धेची रीत समजली पाहिजे. १९५३ च्या पूर्वीं बेसबॉलच्या वरिष्ठ वर्गांत नॅशनल लीग व अमेरिकन लीग अशा दोन संस्था होत्या आणि प्रत्येकींत आठ संघ होते. प्रत्येक संघ एप्रिलपासून सप्टेंबरअखेर १५४ सामने खेळे. ज्याचे विजय सर्वांत अधिक, त्याला त्या लीगचें पेनंट मिळे. पेनंट म्हणजे लांबट त्रिकोणी निशाण. दोन्ही लीगांचे निशाणधारी मग ऑक्टोबरांत एकमेकांशीं झुंजत. तीच वर्ल्ड सीरीज. सहा महिने चालणाऱ्या या चढाओढीला तेथील लोक निशाणाची शर्यत म्हणतात. सकाळच्या वर्तमानपत्रांत कोणता संघ किती सामने मागें आहे तें छापलेलें असे. एखाद्यानें अग्रेसर संघापेक्षां तीन सामने कमी जिंकले व तीन अधिक गमावले, तर तो तीन सामने मागें. चहाच्या पेल्याबरोबर हा आंकडा पाहणें हा लाखों घरांतला नित्यनेम होता. एका सामन्याची हुरहूर दोन घटकांत विरते. या शर्यतीची हुरहूर मात्र वसंतांत सुरू होऊन पानगळीपर्यंत माणसाच्या सोबतीला असे.

अशा शर्यतींपैकीं १९५१ ची शर्यत विशेष गाजली. न्यूयॉर्क शहरांत त्या वेळीं तीन संघ होते. त्यांपैकीं ब्रुकलिन भागाचे डॉजर्स आणि मॅनहॅटनचे जायंट्स हे एकाच लीगमधले हाडवैरी. ऑगस्टच्या मध्यास डॉजर्स सुमारें तेरा सामन्यांनीं पुढें होते. शर्यत संपली असें सर्वांनीं धरलें. इतक्यांत जायंट्सनीं ओळीनें सोळा सामने जिंकले. शेवटच्या ४४ सामन्यांपैकीं ३७ जिंकले. आणि अखेरच्या दिवशीं दोन्ही संघ ९६ विजय व ५८ पराजय अशा बरोबरीस आले. मग निकालासाठीं तीन जादा सामने ठरले. पहिला जायंट्सनीं जिंकला, दुसरा डॉजर्सनीं. ३ ऑक्टोबर रोजीं तिसऱ्या सामन्याच्या अखेरच्या डावांत डॉजर्स ४–१ असे पुढें असतां जायंट्सनीं एक धाव काढली, आणि नंतर बॉबी थॉमसन यानें राल्फ ब्रँका याचा चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून एकाच टोल्यांत तीन धावा मिळविल्या. जायंट्स ५–४ नें विजयी झाले. त्या क्षणीं रेडिओवरील निवेदक रस हॉजेस हा भान हरपून एकच वाक्य पुनःपुन्हां ओरडत राहिला. तें ध्वनिमुद्रण आजहि ऐकावयास मिळतें. पन्नास वर्षांनीं, २००१ सालीं, असें उघडकीस आलें कीं, त्या मोसमांत जायंट्सचीं माणसें दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या खुणा टिपून तारेच्या घंटेनें आपल्या फलंदाजांस कळवीत. त्यावर पन्नास वर्षांपूर्वींच्या त्या सामन्याचा वाद नव्यानें पेटला, यावरूनच या शर्यतीची पकड किती खोल असते तें दिसून येतें.

या सर्व दुःखावर ब्रुकलिनच्या माणसापाशीं एकच औषध होतें, आणि तें म्हणजे पुढलें वर्ष. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या पांच सालीं डॉजर्सनीं निशाण जिंकलें आणि पांचहि वेळां वर्ल्ड सीरीजमध्यें त्याच शहरांतील यांकीज संघाकडून ते हरले. दर वेळीं ब्रुकलिनचे लोक पुढल्या वर्षाची वाट पाहूं असें म्हणत; ती त्या भागाची जणूं म्हणच होऊन बसली. अखेर १९५५ सालीं यांकीजचा पाडाव झाला आणि ब्रुकलिनचें पुढलें वर्ष एकदांचें उगवलें. शर्यत हरण्याचें दुःख सोसतां येतें तें याच आधारावर. संघ गांव सोडतो तेव्हां मात्र तो आधारच जातो. पराजय एक वर्ष हिरावून घेतो. स्थलांतर पुढलीं सर्वच वर्षें हिरावून घेतें.

आतां या स्थलांतरांस आरंभ कसा झाला तें पाहूं. १९०३ पासून १९५२ पर्यंत, पन्नास मोसम, एकहि संघ जागचा हलला नाहीं. सोळा संघ दहा शहरांत वांटलेले होते आणि सर्वांत पश्चिमेकडचें शहर सेंट लुईस हें होतें, कारण प्रवास आगगाडीनें करावा लागे. मध्यंतरीं लोकवस्ति पश्चिमेकडे सरकली, विमानें आलीं, तरी संघ जुन्या जागींच. पहिली हालचाल बोस्टनच्या ब्रेव्ह्ज संघानें केली. १९५२ सालीं संबंध मोसमांत त्याला २,८१,२७८ प्रेक्षक मिळाले. मार्च १९५३ मध्यें मालकानें संघ मिलवॉकीस हलविला, आणि त्याच वर्षीं प्रेक्षकसंख्या अठरा लाखांवर गेली. पुढल्या वर्षीं एकवीस लाखांवर. १९५७ सालीं मिलवॉकीनें वर्ल्ड सीरीजहि जिंकली. इतर मालकांचे डोळे या आंकड्यांनीं दिपले नसते तरच नवल! १९५४ सालीं सेंट लुईसचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला गेला, १९५५ सालीं फिलाडेल्फियाचा ॲथलेटिक्स संघ कॅन्सस सिटीला. तरी हे तिन्ही संघ आपापल्या शहरांत दुसऱ्या, धाकट्या क्रमांकाचे होते; ते गेले तरी त्या त्या शहरांत एक संघ उरलाच होता.

ब्रुकलिनची गोष्ट वेगळी होती. तेथें संघाला प्रेक्षकांची वाण नव्हती. १९५७ या अखेरच्या वर्षींहि दहा लाखांवर लोक आले. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानावर आणून वर्णभेदाची भिंत पाडल्याचा मानहि याच संघाचा. परंतु १९१३ सालीं उघडलेलें एबेट्स फील्ड हें मैदान जुनें व अपुरें झालें होतें, आणि तेथें मोटारी उभ्या करण्यास जागा फारच थोडी. मालक वॉल्टर ओमॅली यास ब्रुकलिनमध्येंच ॲटलांटिक व फ्लॅटबुश या रस्त्यांच्या नाक्यावर नवें मैदान बांधावयाचें होतें. त्यासाठीं तेथील जागा शहरानें आपल्या अधिकारांत संपादून द्यावी अशी त्याची मागणी होती. शहरांतील बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांनीं ती नाकारली आणि क्वीन्स भागांतील फ्लशिंगची जागा पुढें केली. क्वीन्समध्यें गेलेला संघ ब्रुकलिनचा राहणार नाहीं, ही ओमॅलीची हरकत. या ओढाताणींत लॉस एंजल्सनें सुमारें तीनशें एकर जागेचें आमिष दाखविलें. जायंट्सचे मालक होरेस स्टोनहॅम यांचा प्रेक्षकवर्ग तर साडेसहा लाखांवर उतरला होता. ते सॅन फ्रॅन्सिस्कोस जाण्यास राजी झाले. पोरांची कींव येते, पण त्यांचे बाप अलीकडे मैदानावर फारसे दिसले नाहींत, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. २४ सप्टेंबर १९५७ रोजीं एबेट्स फील्डवरील शेवटचा सामना ६,७०२ लोकांनीं पाहिला. ऑर्गनवादिका ग्लॅडिस गुडिंग निरोपाचीं गाणीं वाजवीत होत्या. फेब्रुवारी १९६० मध्यें तें मैदान पाडावयास घेतलें, तेव्हां भिंती फोडणाऱ्या लोखंडी गोळ्यास बेसबॉलच्या चेंडूसारखा रंग दिलेला होता. आज तेथें राहत्या इमारती उभ्या आहेत.

ब्रुकलिनच्या वृद्धांनीं ओमॅलीस जन्मभर क्षमा केली नाहीं. तरी न्यायाच्या तागडींत दुसरेंहि पारडें पाहिलें पाहिजे. पॅसिफिक किनाऱ्यावरील लाखों शौकिनांनीं वरिष्ठ दर्जाचा खेळ केवळ वर्तमानपत्रांतच वाचावा, असा कोणता न्याय? १९५८ मध्यें लॉस एंजल्सच्या मैदानावर अठरा लाखांवर लोक लोटले, आणि १९५९ सालीं त्यांच्या संघानें वर्ल्ड सीरीज जिंकली. परंतु तें सुखहि निर्मळ नव्हतें. ज्या शावेझ रवीन नांवाच्या टेकड्यांवर डॉजर्सचें नवें मैदान १९६२ सालीं उघडलें, तेथून मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांस आधीं सरकारी चाळींच्या नांवाखालीं उठविण्यांत आलें होतें. त्या चाळी कधींच झाल्या नाहींत. जागा मैदानास गेली. एका गांवाचा संघ गेला, दुसऱ्या गांवांत कित्येकांचीं घरेंच गेलीं.

दैवाचा विनोद असा कीं, १९६२ सालीं हेच दोन संघ, आतां कॅलिफोर्नियांत, पुन्हां बरोबरीस आले, पुन्हां तीन जादा सामने झाले, आणि ३ ऑक्टोबर या त्याच तारखेस, शेवटच्याच डावांत चार धावा काढून जायंट्सनीं डॉजर्सच्या हातचें निशाण पुन्हां ओढून नेलें. नाटक तेंच, पात्रांचीं नांवें तींच. जुने प्रेक्षक मात्र तीन हजार मैल दूर. न्यूयॉर्कला त्याच वर्षीं मेट्स हा नवा संघ मिळाला. डॉजर्सचा निळा व जायंट्सचा नारिंगी असे दोन्ही रंग त्यानें घेतले, आणि पहिल्या वर्षीं १२० सामने गमावले. तरी लोक त्याच्यावर प्रेम करूं लागले. भुकेल्याला कोंडाहि गोड लागतो.

मिलवॉकीची कथा तर याहून बोधप्रद आहे. बोस्टनकडून मिळालेला संघ १९६६ सालीं ॲटलांटानें नेला. विस्कॉन्सिन संस्थानानें कोर्टांत दाद मागितली; खालच्या कोर्टानें त्याच्या बाजूनें कौल दिला, पण संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. मग मिलवॉकीचे मोटारविक्रेते बड सेलिग यांनीं दुसरा संघ मिळविण्याचा चंग बांधला, आणि १९७० सालीं तो मिळविला. कोठून? एकच वर्ष खेळून दिवाळें वाजलेला सिएटलचा संघ उचलून! ज्या गांवानें विरहाचें दुःख भोगलें, त्यानेंच तें दुसऱ्याच्या दारीं पोंचविलें.

असें कां घडतें याचें उत्तर कायद्यांत व संख्येंत आहे. १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे असें ठरविलें. त्यामुळें मक्तेदारीविरुद्धचे कायदे त्यास लागू होईनासे झाले. किती संघ असावेत व ते कोठें असावेत हें मालकांचें मंडळच ठरवितें. संघ थोडे, शहरें फार. म्हणून प्रत्येक मालकाच्या हातीं एक रिकामें शहर धमकी म्हणून असतें. नवें मैदान सरकारी पैशानें बांधून द्या, नाहीं तर निघालों, ही भाषा त्यांतून जन्मली.

शर्यतीचें रूपहि पालटलें. १९६९ पासून लीगांचे विभाग पडले. पुढें विभाग न जिंकणाऱ्यांसहि अंतिम फेऱ्यांत शिरकाव मिळूं लागला. १९९३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोनें १०३ सामने जिंकले, ॲटलांटानें १०४; एका विजयाच्या फरकानें जायंट्स घरीं बसले. २०२१ सालीं जायंट्सनीं १०७ जिंकून १०६ जिंकणाऱ्या डॉजर्सना मागें टाकलें, तरी डॉजर्स मागच्या दारानें आंत आले आणि त्यांनींच जायंट्सना बाद केलें. उत्सुकता आतां अधिक गांवांत वांटली गेली हें खरें, पण एका विजयाचें मोल उतरलें हेंहि तितकेंच खरें.

स्थलांतराचें सत्र मात्र थांबलेलें नाहीं. फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीस गेलेला ॲथलेटिक्स संघ १९६८ सालीं ओकलंडला आला. तेथें त्यानें १९७२ ते १९७४ ओळीनें तीनदां वर्ल्ड सीरीज जिंकली. पुढें मालक व शहर यांचें नव्या मैदानावरून जुळेना. लोक येत नाहींत असें म्हणणाऱ्यांस उत्तर म्हणून १३ जून २०२३ रोजीं २७ हजारांवर लोक मुद्दाम मैदानावर जमले आणि मालकानें संघ विकून टाकावा असा घोष त्यांनीं केला. बहिष्काराच्या उलट असा हा प्रकार. त्याचा उपयोग झाला नाहीं. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं ४६ हजारांवर लोकांनीं निरोप दिला. २०२५ चा मोसम संघ सॅक्रामेंटोजवळ खेळला, आणि त्याचें पुढलें ठिकाण लास व्हेगास हें ठरलेलें आहे.

मग शौकिनाच्या हातीं कांहींच नाहीं काय? विस्कॉन्सिनमध्येंच ग्रीन बे नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून लोकांनीं भाग घेऊन चालविलेला आहे. भागांवर नफा वांटला जात नाहीं, आणि कोणा एकाला संघ उचलून नेतां येत नाहीं. कितीतरी मोठीं शहरें आपले संघ गमावून बसलीं, आणि त्या लहानशा गांवाचा संघ जागच्या जागीं आहे. प्रेमाचा हक्क कायद्याच्या पुस्तकांत आपोआप उतरत नाहीं. तो लिहून घ्यावा लागतो. ग्रीन बेनें तो वेळींच लिहून घेतला. ब्रुकलिनपाशीं प्रेम उदंड होतें, कागद तेवढा नव्हता.