मानसशास्त्राच्या उंबरठ्यावर



दहावीची परीक्षा आटोपली की घरोघर एकच चर्चा सुरू होते : मुलाने पुढे कोणते विषय घ्यावेत? या चर्चेत हल्ली मानसशास्त्राचे नाव वरचेवर निघते. हा विषय का घ्यावासा वाटतो असे मुलांना विचारले, तर उत्तरे बहुधा ठरलेली असतात. एक म्हणतो, त्यात गणित नाही. दुसरी म्हणते, मला माणसे ओळखता येतील. तिसरे उत्तर पालकांचे, आणि तेही जरा दबक्या आवाजात : "वेड्यांचा अभ्यास करून पोटापाण्याचे काय?" या तिघांचीही विषयाशी अद्याप ओळख झालेली नाही, असे मला नम्रपणे म्हणावे लागते. ती ओळख अकरावीचे पुस्तक हाती येण्यापूर्वी करून घ्यावी. तीच खरी पूर्वतयारी.

माणसे ओळखण्यापासूनच सुरुवात करू. त्या कामी आपल्या म्हणी काय कमी आहेत? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. गुण उपजतच असतात, असा त्याचा अर्थ. आणि त्याच तोंडाने आपण असेही म्हणतो की, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे गुण संगतीने येतात! शेजाऱ्याचा मुलगा बिघडला तर पाळण्यातले पाय आठवतात, आपला बिघडला तर ढवळ्या आठवतो. दोन्ही म्हणी अनुभवातूनच आलेल्या आहेत आणि दोन्ही सोयीप्रमाणे वापरता येतात. मानसशास्त्राचे काम सुरू होते ते नेमके येथे. उपजत किती आणि संगतीचे किती, हे ठरवायचे कसे?

इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन याने 1875 साली या प्रश्नासाठी जुळ्या भावंडांकडे पाहण्याची कल्पना मांडली. पुढे अभ्यासकांनी ती पद्धत सुधारली. दिसायला अगदी एकसारखी असणारी जुळी आणि साध्या भावंडांइतकेच साम्य असणारी जुळी यांची तुलना होऊ लागली. आज एवढे निश्चित म्हणता येते की, बहुतेक गुणांत दोन्हींचा वाटा असतो, तो गुणागणिक बदलतो, आणि तो वाटा माणसांच्या समूहाविषयी सांगता येतो. अमुक एका गण्याविषयी नव्हे. तेव्हा जो विद्यार्थी माणसाचे तोंड पाहून मन वाचायला शिकेन या आशेने येईल, त्याची पहिल्याच सहामाहीत निराशा होणार. ती निराशा वर्गाबाहेर, उन्हाळ्याच्या सुट्टीतच झालेली बरी.

आता गणिताचे. त्यात बीजगणिताची मोठी उदाहरणे नाहीत, हे खरे. पण सरासरी, आलेख आणि सहसंबंध यांच्यावाचून या विषयात पुढे पाऊल टाकता येत नाही. ज्या घरात पुस्तके पुष्कळ, त्या घरातल्या मुलांना गुण अधिक पडतात असे समजा आढळले. मग उद्या घरात कपाटभर पुस्तके आणून ठेवली की काम झाले काय? पुस्तके असलेल्या घरी आईवडीलही शिकलेले असतील, पैसाही असेल, अभ्यासाला निराळी खोलीही असेल. दोन गोष्टी बरोबर चालतात, एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडते असे होत नाही. हे एक वाक्य ज्याला खरोखर समजले, त्याची निम्मी तयारी झाली. मुलांनी रोजच्या वर्तमानपत्रातली 'अमुक खाल्ल्याने बुद्धी वाढते' अशा धर्तीची एखादी बातमी घ्यावी आणि विचारावे : कोणी मोजले? किती माणसांवर? तुलना कोणाशी केली?

एक गोष्ट मात्र हलक्या हाताने सांगायची आहे. काही मुले हा विषय निराळ्याच कारणासाठी घेतात. घरी कोणी आजारी असते, किंवा स्वतःलाच रात्र रात्र झोप लागत नाही, आणि पुस्तकात याचे उत्तर सापडेल असे त्यांना वाटते. ही मुले सहसा बोलून दाखवीत नाहीत. अशा मुलाला विषय घेऊ द्यावा, अवश्य घेऊ द्यावा. पण त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. अकरावीचे पुस्तक हे औषध नव्हे, आणि दोन वर्षे शिकून कोणी सल्लागारही होत नाही. त्यासाठी पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे जाणत्यांच्या हाताखालचा अनुभव लागतो. पोटापाण्याची काळजी करणाऱ्या पालकांनीही या लांब वाटेचा हिशेब आधीच केलेला बरा.

राहता राहिली अभ्यासाची पद्धत. तिच्याबद्दल खुद्द मानसशास्त्रानेच सांगून ठेवले आहे. विल्हेल्म वुंट याने 1879 मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तो या शास्त्राचा जन्मकाळ मानतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1885 साली, हेर्मान एबिंगहाउस याने स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग केला तोही तोच. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई, आणि पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजी. तासाभराने त्याचा निम्म्याहून कमी वेळ वाचला, एका दिवसाने सुमारे तृतीयांश, महिन्याने सुमारे पंचमांश. विसरणे आधी भराभर होते आणि मग मंदावते, हे त्याने आकड्यांनी दाखविले.

हा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांनी 'टुगझ', 'मेफळ' असल्या बारा बारा निरर्थक शब्दांच्या दोन याद्या कराव्यात. एक यादी दहा मिनिटे नुसती वाचीत राहावी. दुसरी थोडी वाचून मग झाकावी आणि आठवून लिहावी, असे दहा मिनिटे करावे. आठवड्याने कोणती अधिक आठवते ते मोजावे. स्वतःला प्रश्न विचारून केलेला अभ्यास नुसत्या वाचनापेक्षा अधिक टिकतो, असे पुष्कळ प्रयोगांतून आढळले आहे. पण तुमची दुसरी यादीच मुळात सोपी असली तर? म्हणून शेजारच्या मैत्रिणीला याच याद्या उलट द्याव्यात : तुम्ही वाचलेली तिने आठवून लिहावी, तुम्ही आठवून लिहिलेली तिने नुसती वाचावी. मग दोघींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून आकडे मांडावेत.