कचेरी रंगमंचावर येते तेव्हा

कचेरी आपल्या रंगभूमीला नवी नाही. पण ती आली बहुतेक वेळा विनोदासाठी. डुलक्या काढणारा कारकून, खेकसणारा साहेब, चहा आणायला गेला तो गेलाच असा शिपाई. प्रेक्षक पोटभर हसले आणि घरी गेले. माणूस दिवसाचे नऊ-दहा तास जिथे काढतो, तिथे त्याच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न मात्र फार थोड्या नाटकांनी विचारला.

तो विचारला बादल सरकारांनी. 1963 साली लिहिलेलं त्यांचं 'एवम् इंद्रजित' हे बंगाली नाटक पुढे अनेक भारतीय भाषांत गेलं. त्यात अमल, विमल, कमल आणि इंद्रजित असे चौघे आहेत. कॉलेज, परीक्षा, मुलाखत, नोकरी, लग्न या एकाच वाटेने सारे चाललेले. पहिले तिघे निमूट चालतात. इंद्रजितला मात्र राहून राहून वाटतं, हे सगळं कशासाठी? सरकार स्वतः व्यवसायाने अभियंता आणि नगररचनाकार होते. नोकरदाराचं जगणं त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

त्याच्याही आधी, 1923 साली, अमेरिकेत एल्मर राइस यांचं 'द अ‍ॅडिंग मशीन' आलं. त्याच्या नायकाचं नावच मिस्टर झीरो. पंचवीस वर्षं आकड्यांच्या बेरजा केल्यावर आता बढती मिळेल, अशी त्याला आशा असते. त्याच दिवशी साहेब सांगतो, बेरजेचं यंत्र येतंय, तुझी गरज नाही. शंभर वर्षांपूर्वीचं हे नाटक आजच्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला परकं वाटणार नाही.

आज तर या प्रश्नाला वेळेचीही जोड मिळाली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम केल्यामुळे 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं पक्षाघात आणि हृदयविकाराने दगावली, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या राज्यात सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधली कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. पण कायद्यातले तास घड्याळात मोजता येतात. रात्री जेवताना वाजणारा मोबाइल कोणत्या रजिस्टरमध्ये मांडायचा?

इथे नाटक कामाला येतं, असा माझा अनुभव आहे. मी बँकेत नोकरी केली. आमच्या नाट्यसंघातून स्पर्धांत कामं केली. निवृत्तीनंतर कचेऱ्यांमध्ये नाट्यशिबिरं घेऊ लागलो. पद्धत माझी नव्हे, ती ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. अडचणीचा एक प्रसंग करून दाखवायचा. मग तोच पुन्हा सुरू करायचा. या वेळी प्रेक्षकांतला कुणीही 'थांबा' म्हणू शकतो, नटाच्या जागी उभा राहून वेगळं काही करून पाहू शकतो. पश्चिम बंगालमध्ये 1985 साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था खेड्यांमध्ये असं नाटक करत आली आहे.

पुण्यातल्या एका कचेरीत लोकांनीच प्रसंग निवडला. शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. एका मुलीने पर्स खांद्याला लावलेली. साहेब येतात. "मॅडम, पाच मिनिटं आहेत का? सोमवारचा रिपोर्ट तेवढा करून टाका." 'थांबा' असं कुणीच म्हणत नाही, आणि तरी ती थांबते.

प्रसंग पुन्हा सुरू झाला. एक तरुण तिच्या जागी आला. "सर, आज जमणार नाही," असं त्याने ठणकावून सांगितलं. साहेब झालेल्या गृहस्थांनी शांतपणे तोच कागद शेजारच्या टेबलावर ठेवला. सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. एकाने नकार दिला, की ओझं शेजाऱ्याच्या डोक्यावर जातं, हे तिथे डोळ्यांना दिसलं. मग एक बाई आल्या. वडील आजारी असल्याचं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "जा तुम्ही, मी बसतो करत." ते अशा सुरात, की बाईंनी पर्स पुन्हा खुर्चीला अडकवली.

तिसऱ्यांदा उठले ते कचेरीतले मामा, चहापाण्याचं पाहणारे. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, सोमवारी हा रिपोर्ट वाचतं कोण?"

साहेबाचं काम करणारे गृहस्थ खरोखरच त्या विभागाचे प्रमुख होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचत कुणी नाही. मागवायची पद्धत आहे."

त्या मुलीचे शुक्रवार कुठे गेले, ते त्या एका वाक्यात होतं. काम जास्त असल्याची तक्रार सगळेच करतात. पण कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काम घरच्या वेळातून करावं लागतं, तेव्हा माणूस आतून खचतो. इंद्रजितचा प्रश्न मामांनी साध्या शब्दांत विचारला होता.

महिन्याभराने कळलं, तो साप्ताहिक रिपोर्ट आता महिन्यातून एकदाच होतो. बाकी कचेरी होती तशीच आहे. नाटकाने पगार वाढत नाही, माणसं कमी असली तर ती भरली जात नाहीत. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो. आणि थकलेल्या माणसांना ताजंतवानं करून पुन्हा जुंपायला कुणी नाटक बोलावत असेल, तर त्याला नाही म्हणावं. म्हणून माझ्या दोन अटी असतात. साहेबांनीही खेळात उतरायचं, आणि खेळात बोललेलं कुणाच्या वार्षिक मूल्यमापनात जाता कामा नये. पहिली अट लगेच मान्य होते. दुसरीला कधी कधी आठवडा लागतो.

कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत आजही कामगार-कर्मचारी हौसेने उतरतात. त्यांना एक सुचवावंसं वाटतं. एखाद्या वर्षी तयार संहिता शोधू नका. आपल्याच टेबलावरचा वीस मिनिटांचा प्रसंग लिहा. तालमीत साहेबांना कारकून करा, कारकुनाला साहेब. आणि कुणी मामा काही विचारायला उठले, तर तालीम थांबवून त्यांचं ऐका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)