एक मार्ग, अनेक भाषा : संमिश्र कार्यदलाचे नेतृत्व

कोणतेही मोठे काम एका गावच्या वा एका भाषेच्या माणसांकडून सहसा पुरे होत नाही. धरणावर, कारखान्यात, रुग्णालयात किंवा शासकीय कचेरीत निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची व धर्मांची माणसे एकत्र राबत असतात. येथे जमलेल्या तरुण अधिकाऱ्यांनाही उद्या अशाच मंडळींचे नेतृत्व करावयाचे आहे. त्या दृष्टीने कोकण रेल्वेच्या उभारणीचा अनुभव उद्बोधक ठरावा.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली. भारतीय रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये तीत भागीदार झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटर लांबीचा. त्यावर ९० हून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल बांधावे लागले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

हे आकडे अनेकांना ठाऊक आहेत. परंतु हा मार्ग जितका कातळातून गेला तितकाच तो भाषांमधूनही गेला. रायगड-रत्नागिरीत मराठी, सिंधुदुर्गात मालवणी, गोव्यात कोकणी, कारवारपुढे कन्नड आणि उडुपीकडे तुळू! महामंडळाचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन हे स्वतः केरळचे. अभियंते, ठेकेदार व मजूर नाना प्रांतांतून आलेले. बोगद्यांसाठी काही यंत्रसामग्री थेट स्वीडनहून आणलेली.

मार्गाचे सात विभाग पाडून प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे सोपविण्यात आला आणि निर्णयाचे अधिकारही त्याला देण्यात आले. या व्यवस्थेमुळे काम वेगाने झाले, हे तर खरेच. पण ज्या मुलखात काम, त्याच मुलखात अधिकाऱ्याचे वास्तव्य, हा तिचा दुसरा लाभ होय. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांशी संबंध येणार होता. कोकणातील सातबाऱ्यावर अनेक भावकीदारांची नावे असतात आणि त्यांतले कित्येक मुंबईला असतात. अंगणातील कलमाची किंमत तक्त्यात मांडता येते. ते कलम लावणाऱ्या आजोबांची आठवण मांडता येत नाही. हे ओळखणाऱ्या अधिकाऱ्याशी गावकरी मोकळेपणाने बोलतो.

गोव्यात मात्र मार्गाच्या आखणीला तीव्र विरोध झाला. खाजन शेती, किनारपट्टीची दाट वस्ती आणि जुन्या गोव्याचा वारसा यांविषयीची चिंता त्यामागे होती. १९९३ साली तेथील काम काही काळ थांबले आणि निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांच्या आयोगापुढे हा प्रश्न गेला. पुढे मार्ग पुरा झाला. तथापि तांत्रिकदृष्ट्या सोयीची रेषा लोकांच्या दृष्टीने कशावरून जाते, हा प्रश्न नकाशा आखतानाच विचारावयास हवा, हा धडा मागे उरला.

या जाणिवेला ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ असे नाव आहे. अर्ली व सून अँग या अभ्यासकांचा या विषयावरील ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढील अभ्यासात तिची चार अंगे सांगितली जातात : दुसऱ्याला समजून घेण्याची इच्छा, त्याच्या रीतीभातींची माहिती, स्वतःच्या समजुती तपासण्याची सवय आणि प्रसंगानुरूप वर्तन बदलण्याची तयारी. यांपैकी तिसरे अंग सर्वांत अवघड. माहिती पुस्तकातून मिळते; आपलीच समजूत चुकीची असू शकते हे पुस्तक सांगत नाही.

दैनंदिन कामात याचा अर्थ अगदी साधा आहे. सुरुंगाची सूचना ऐकून मजूर ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्याने ती ऐकलेली असते. समजलेली असेलच असे नाही. म्हणून सूचना त्याच्या भाषेत द्यावी आणि त्याच्याकडून ती वदवून घ्यावी. वरिष्ठांसमोर बोलणे हा अनेक घरांत उद्धटपणा मानला जातो. अशा संस्कारात वाढलेला कनिष्ठ अभियंता बैठकीत गप्प बसतो. ते मौन म्हणजे संमती नव्हे. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ माती वारंवार ढासळत होती. अशा जागी वाईट बातमी वर पोहोचण्यास झालेला विलंब प्राणावर बेतू शकतो. गणेशचतुर्थी, ओणम, ईद, नाताळ यांचा विचार पाळ्या लावतानाच केला तर रजेचा अर्ज तंट्याचे कारण होत नाही.

येथे दोन पथ्ये पाळावयास हवीत. अमक्या प्रांताचा माणूस असाच, हा ठोकताळा अज्ञानाहूनही घातक; माणसाला त्याच्या नावाने ओळखावे, प्रांताने नव्हे. तसेच, सुरक्षिततेचे नियम व समान वेतन यांत रीतिरिवाजाच्या नावाखाली सवलत नसावी.

रत्नागिरी येथे या मार्गासाठी प्राण वेचलेल्या कामगारांचे श्रमशक्ती स्मारक उभे आहे. निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या श्रमिकांचे ऋण त्या दगडावर कोरले आहे. कामावरील प्रत्येक माणसाला समजेल अशा भाषेत सूचना देणे आणि त्याचा शब्द वेळीच ऐकणे, हीच त्या ऋणाची अल्पशी फेड होय.